तक्रार मागायला गेलेली बाई

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीत गेली. खिडकी म्हणजे भिंतीतलं चौकोनी भोक, त्याला जाळी, आणि जाळीच्या खाली कागद सरकवण्यापुरती फट. अर्ज फटीतून आत यायचे, शिव्या जाळीतून. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या नळाला आहे पण गढूळ, कुणाचं पाणी शेजारी पळवतोय. मी अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचे आणि सांगायचे, "नोंद झाली. माणूस येऊन बघेल." माणूस एकच होता, आणि तो बहुतेक वेळा दुसरीकडं बघायला गेलेला असायचा.

त्या खिडकीत बसून मला एक विद्या साधली. माझा आवाज कशानंही हलत नसे. समोरचा लालबुंद झाला, त्यानं जाळी बडवली, अगदी रडला, तरी माझा सूर टाकीतल्या पाण्यासारखा एका पातळीवर. आमचे साहेब म्हणायचे, "बाई, तुमच्या आवाजावर माणूस चढू शकत नाही, घसरतो." हे मी कौतुक समजले आणि घरी येऊन सांगितलं. माझ्या नणंदेनं विचारलं, "यात कौतुक कुठंय गं?" पण नणंदेचं कोण मनावर घेतं!

हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि वन्सं. नणंद-भावजयीचं जमत नाही म्हणतात. आमचंही जमत नाही, पण दोघींनाही दुसरीकडं जायला जागा नसल्यामुळं आम्ही ते न जमणंच नीट बसवून घेतलंय. वन्संना प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायची सवय. भाजीत मीठ जास्त, पंखा हळू, उशी टणक, बातम्या देणाऱ्याचा चेहरा पडलेला. पुढं त्यांच्या नजरेच्या ऐन मध्यावर काळा डाग आला, कडेकडेचं तेवढं दिसायला लागलं. चेहरा दिसेना, तेव्हा त्या बातम्या देणाऱ्याच्या आवाजाला नावं ठेवू लागल्या.

वन्सं पूर्वी वाचायच्या खूप. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंध आणि कमी दिसणाऱ्यांसाठी चालणाऱ्या एका वाचनालयाचा पत्ता दिला, आणि मी त्यांचं नाव घालायला तिथं गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या. पहिल्या खोलीत ब्रेलची पोत्यासारखी जाड पुस्तकं, मोठ्या अक्षरांची पुस्तकं, आणि काउंटरवर बोलती पुस्तकं भरलेली कार्डं. दुसऱ्या खोलीच्या चारी भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. तिथं हौशी माणसं माईकपुढं बसून पुस्तकं वाचून काढायची. पगार कुणालाच नाही, एक ग्रंथपाल सोडली तर. दारावर कागद चिकटवला होता: स्पष्ट उच्चारांत वाचून देणारे हवेत.

वन्संचं नाव घालायला गेलेली मी स्वतःचं नाव घालून परत आले.

ग्रंथपाल तिशीतली, मऊ बोलणारी मुलगी. तिनं माझ्याकडून एक पान वाचून घेतलं आणि म्हणाली, "काकू, उच्चार अगदी स्वच्छ आहेत हं." ती फक्त उच्चारांबद्दल बोलली होती. बाकीचं कौतुक मी माझ्या पदरचं घातलं. रस्त्यानं चालताना मला वाटत होतं, देवानं मला गळा दिला आणि मी तो जाळीमागं कुजवला. आता त्याचं सोनं करायचं.

मी एक भलीमोठी कादंबरी निवडली. पंखा बंद करून, घशात खडीसाखर ठेवून, पान उलटताना श्वास रोखून मी ती महिनोन् महिने वाचली. तिच्यात एक आई मुलाची वाट बघत मरते. तो प्रसंग वाचताना माझ्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. घरी कार्ड आणून वन्संना ऐकवलं आणि मी समोर बसून राहिले. प्रसंग आला, गेला, पुढचं प्रकरण सुरू झालं. वन्सं म्हणाल्या, "त्या म्हातारीचं काय झालं गं पुढं?"

"अहो, मेली ना ती!"

"कधी?"

"आत्ता! तुमच्यासमोर!"

"मला वाटलं, तिला कुठंतरी पाठवलं."

मी कार्ड काढून घेतलं. त्यांना कशातच राम दिसत नाही, असं म्हणून विषय संपवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी त्या दिवशी घ्यायला लागले.

पुढं वाचनालयाला मदत करणाऱ्या एका संस्थेनं विचारलं, "तुमच्या वाचकांचं म्हणणं काय आहे?" ग्रंथपालनं शोधलं तर तिच्याकडं आभारांखेरीज काहीच नव्हतं. तिनं आम्हा हौशी मंडळींची बैठक घेतली आणि म्हणाली, "लोकांना काय आवडत नाही ते आपल्याला कळायला हवं. कोण विचारेल?" सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. निवृत्त दंतवैद्य म्हणाले, "बाईंचा सगळा जन्म तक्रारी घेण्यात गेला. यांच्यासारखं माणूस कुठं मिळणार!"

हे दंतवैद्य आमच्यातले सगळ्यात मोठे कलाकार. कादंबरीतल्या प्रत्येक पात्राला ते वेगळा आवाज देत. मला त्यांना सांगता आलं असतं की माझा अनुभव तक्रारी आत न येऊ देण्याचा आहे. पण खुर्ची मिळत असेल तर तिचे पाय कोण तपासतं? मी मान डोलावली.

मी पहिल्यांदा पेटी केली. सुताराकडून चांगली पॉलिश मारलेली पेटी करून घेतली, वर फट ठेवली (फटीवाचून मला काही सुचतच नाही), आणि रंगाऱ्याकडून सुबक अक्षरात 'अभिप्राय' असं लिहून घेतलं. दाराच्या आतच, भिंतीवर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला ती ठोकली. दुसऱ्या दिवशी आमचे गुरुजी आले. गुरुजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. म्हातारपणी दृष्टी गेली, पण करारीपणा शाबूत. ते नेहमीसारखे भिंतीच्या कडेकडेनं आत आले आणि पेटीचा कोपरा त्यांच्या कपाळाला लागला. खोलीत चांगलाच आवाज झाला.

मी धावले. "लागलं का हो?"

गुरुजींनी कपाळ चोळलं, मग दोन्ही हातांनी पेटी चाचपली. "हे काय आहे?"

"अभिप्राय पेटी."

"असं कुठं लिहिलंय?"

"हे काय, वर लिहिलंय ना. रंगानं."

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं, आणि काठी टेकत काउंटरकडं गेले.

पेटी मी काढली नाही, वर सरकवली. महिनाअखेर उघडली तेव्हा तिच्यात दोन कार्डं, एक किल्ली आणि लिमलेटच्या गोळ्यांचे कागद निघाले. लोकांना ती पुस्तक परत करायची पेटी वाटली होती, काहींना कचऱ्याची. किल्ली कुणाची ते अजून कळलेलं नाही.

मग मी फोन करायचं ठरवलं. रोज दुपारी वन्संची झोप लागली की मी यादी घेऊन बसायचे.

"वाचनालय कसं वाटतं?"

"छान आहे."

"काही अडचण?"

"छे छे, अडचण कसली! तुम्ही मंडळी एवढं करता आमच्यासाठी."

"पुस्तकं वाचणाऱ्यांचे आवाज कसे वाटतात?"

"सगळ्यांचेच छान. तुमचाही छान."

पहिला फोन असा, दुसरा असा, सगळेच असे. प्रत्येक जण 'तुमचाही छान' म्हणायचा आणि मी तेवढ्यापुरती खुर्चीत सावरून बसायचे. माझं नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. ग्रंथपालला मी ऐटीत सांगितलं, "एकही तक्रार नाही." आमच्या खात्यात असं कुणी म्हटलं असतं तर त्याचा सत्कार झाला असता.

ती काही नाचली नाही. पेन्सिल फिरवत म्हणाली, "मग काकू, इतकी पुस्तकं अर्ध्यातून परत का येतात? कार्ड परत आलं की ऐकणारा कुठं थांबला ते यंत्रात दिसतं आपल्याला. काही पुस्तकांत तर तिसऱ्या प्रकरणापुढं कुणी जातच नाही."

"लोकांना हल्ली धीर नाही," मी म्हटलं. कुठली पुस्तकं, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. ती खूपच सभ्य मुलगी आहे.

यादीत एकच नाव उरलं होतं. एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर असलेली बाई. जन्मापासून दिसत नाही, पण सगळं रुग्णालय तिच्या बोटांवर चालतं म्हणे. मी फोन लावला आणि "वाचनालय कसं" एवढंच म्हटलं, तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही त्या कादंबरी वाचणाऱ्या बाई ना?"

मी मोहरले. "ओळखलंत?"

"पहिल्या शब्दाला. सगळेच ओळखत असतील. आवाजावरच तर जगतो आम्ही."

"मग काय म्हणता? कसं वाटतं आमचं वाचन?"

"छान वाटतं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बाई, राग येणार नसेल तर एक विचारू? ज्याच्या हातचं जेवतो, तोच येऊन विचारतोय, 'जेवण कसं झालंय?' काय सांगायचं माणसानं?"

मी तिच्या नावापुढं 'छान' लिहायला टेकवलेलं पेन उचललं.

"लाईनवर फोन खोळंबलेत," ती म्हणाली. "मी सुटीच्या दिवशी येते तिकडं. तेव्हा बोलू."

तोपर्यंतचे दिवस मी स्वतःची समजूत घालण्यात काढले. ती दंतवैद्यांबद्दल बोलत असणार. नक्कीच दंतवैद्य. ते बायकांचे आवाज काढतात तेव्हा कुणाला तरी चिमटा काढल्यासारखं वाटतं, हे मी मनातल्या मनात कितीदा म्हटलं होतं.

ती आली. चाळिशीची, ठेंगणी, पांढरी काठी घडी करून पर्समध्ये टाकणारी, आणि बोलताना हसणारी. आम्ही गोधड्यांच्या खोलीत बसलो. मी चहा पुढं केला आणि म्हटलं, "आता मोकळेपणानं सांगा."

"नक्की?"

"माझी सगळी नोकरी शिव्या खाण्यात गेलीय. तुम्ही सांगाच."

"तुम्ही वाचायला लागलात की मला रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "पुढं काय होणार याची उत्सुकताच राहत नाही. नंबर आला की कळेल, असं वाटतं. त्या कादंबरीत तो तिला म्हणतो, 'तुझ्यावाचून मी जगू शकत नाही.' तुम्ही ते असं वाचलंत, की मला वाटलं, आता तिला दोन साक्षीदार आणायला सांगणार."

मला आधी हसू आलं, मग कळलं की हे माझ्यावरच आहे. मी विचारलं, "सगळ्यांनाच असं वाटतं?"

"आमचा फोनवर गट आहे, बोलून निरोप पाठवायचा. कुठलं पुस्तक कुणी वाचलंय, घ्यावं की नाही, ते त्यात ठरतं. तुमचं नाव माहीत नव्हतं ना, म्हणून मग..." ती अडखळली.

"काय म्हणता मला?"

"सूचनाबाई."

"म्हणजे?"

"म्हणजे सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, तसं."

"आणि हे इतके दिवस कुणी सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? धर्माची गाय, तिचे दात कुठं मोजायचे! उद्या तुम्ही रागावून सोडून गेलात तर आहे तेही पुस्तक जायचं. बाकीचं जग आम्हाला पुस्तकं देतंय कुठं? तेव्हा छान म्हणायचं आणि अर्ध्यात बंद करायचं. बंद करणं आमच्या हातात आहे."

चहाचा कप तिनं अचूक जागेवर ठेवला आणि जाताना म्हणाली, "उच्चार मात्र फार स्वच्छ आहेत तुमचे." त्या उच्चारांचा मला तेव्हा इतका संताप आला, की वाटलं, बोबडी असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी जेवले नाही. वन्संनी विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं.

"हे मी तुला कधीपासून सांगतेय," वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही तर मिठालाही नावं ठेवता."

"मग मीठ जास्तच असतं."

मी उठून भाजी चाखली. मीठ जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा द्यायला गेले. बिनपगारी कामाचा राजीनामा द्यायची माझी पहिलीच वेळ, त्यामुळं चांगल्या तयारीनं गेले होते. ग्रंथपालला म्हटलं, "मी वाचणं सोडते. माझ्या आवाजाचा लोकांना त्रास होतो. कुणी सांगितलं ते विचारू नका."

तिनं विचारलं नाही. म्हणाली, "काकू, तुम्ही गेलात तर काय होईल माहितीये? एका माणसानं खरं बोलायचं धाडस केलं आणि त्याच आठवड्यात वाचणारी बाई गेली. मग पुन्हा आयुष्यात कुणी खरं बोलेल का? त्यांना ज्याची भीती वाटत होती, तेच तुम्ही करून दाखवणार."

म्हणजे रुसायचीही सोय नाही! जन्मभर मी लोकांना सांगितलं, तक्रार केली म्हणून कुणाचं पाणी तोडत नाहीत. आता माझ्यावर आली, तर मी पहिला नळ बंद करायला निघाले होते. मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, "बरं. मग करायचं काय?"

काय करायचं ते ऑपरेटरताईनं सांगितलं. फोन करायचे ते वाचकांनीच, वाचकांना. आम्ही कुणी मध्ये नाही. 'कसं वाटतं' असं विचारायचं नाही, कारण त्याला 'छान' हे एकच उत्तर आहे. विचारायचं, 'शेवटचं कुठलं पुस्तक अर्ध्यात सोडलंत आणि कुठं?' सांगणाऱ्याचं नाव तिच्यापुढं जाणार नाही. महिन्यातून एकदा वाचनालयात वाचकांची बैठक, त्या वेळी वाचून देणारे सगळे बाहेर. आणि सांगितलेल्याचं पुढं काय झालं, ते परत जाऊन सांगायचं, जमलं नसेल तर तेही.

"हे नाही केलंत तर सगळं त्या पेटीत गेल्यासारखं होईल," ती म्हणाली. पेटीची कीर्ती तिच्यापर्यंत गेली होती.

तिनं काम सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. वन्संही वाचकच, त्यामुळं यादीत त्यांचंही नाव. फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. वन्संचा आवाज ऐकू आला, "छान आहे हो सगळं. नाही, नाही, अर्ध्यात कशाला सोडू? आमच्या घरातलीच वाचते ना. फार छान वाचते." फोन ठेवल्यावर मी बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"खोटं का बोललात?"

"घरातल्या गोष्टी मी चारचौघांत बोलत नसते," वन्सं म्हणाल्या. "आणि त्या भांड्यांचा आवाज जरा कमी कर, माझं डोकं दुखतंय."

मी हे ऑपरेटरताईला कळवलं. ती म्हणाली, "यासाठीच दोनदा विचारावं लागतं." दुसऱ्या खेपेला तिनं वन्संना दुपारी, मी बाहेर गेले असताना फोन केला. काय बोलणं झालं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. तासभर चाललं होतं, एवढं शेजारणीनं सांगितलं.

पहिल्या बैठकीच्या दिवशी आम्ही हौशी मंडळी जिन्यात बसलो होतो. माझ्याकडं चहाची किटली होती, दंतवैद्यांकडं बिस्किटांचा डबा. आतून हसण्याचे आवाज येत होते. दंतवैद्य म्हणाले, "तुमच्याबद्दल चाललंय वाटतं." मी म्हटलं, "तुमच्याबद्दल असेल." मग आम्ही दोघांनीही दाराला कान लावला, आणि गुरुजींनी नेमकं तेव्हाच दार उघडलं. म्हणाले, "कुणीतरी दाराला टेकलंय. चहा आणा आत."

आतून जे बाहेर आलं ते ऑपरेटरताईनं आम्हाला एकत्र बसवून सांगितलं. खालच्या सायकल दुकानातली हातोडी निम्म्या पुस्तकांत ऐकू येते. एका रहस्यकथेत तर खून कधी झाला आणि चाक कधी सरळ झालं ते कळत नाही. चित्रांबद्दल कुणी काही सांगत नाही, नुसतं 'इथं चित्र आहे' म्हणून पुढं जातात. मोठ्या अक्षरांची पुस्तकं वरच्या फळीवर आहेत, आणि ती वाचणारी सगळी माणसं गुडघ्यांनी अधू. चहा फार गोड. आणि संडासातला नळ कित्येक महिने गळतोय. हे ऐकून सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी रोज तिथं जात होते. पाणी खात्यातली मी! पण अर्ज आल्याखेरीज नळाकडं बघायची सवयच नव्हती.

वाचकांत आपापसांतही एकमत नव्हतं. निम्म्यांना वाचन भराभर हवं होतं, निम्म्यांना सावकाश. गुरुजींना व्याकरणाच्या चुका सुधारून हव्या होत्या, अगदी लेखकाच्यासुद्धा. ऑपरेटरताईनं सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि एकदा तिनंही घोळ केला: ज्या वाचकाचं नाव सांगायचं नाही असं ठरलं होतं, त्याची नक्कल इतकी हुबेहूब केली की आम्ही सगळ्यांनी ओळखला. तिनं त्याला फोन करून माफी मागितली.

दंतवैद्यांच्या वाट्याला आलं ते असं: "गोष्ट चांगली सांगता, पण बायकांना नाकातून बोलवू नका. आमच्या घरात बायका आहेत, त्या तशा बोलत नाहीत." दंतवैद्य उठले आणि टोपी घालून निघून गेले. पुढं बरेच दिवस आलेच नाहीत. मी त्यांच्या घरी गेले. ते दार उघडून म्हणाले, "माझी पत्नी म्हणते, तिलाही तसंच वाटायचं." त्यांनी मला आत बसवलं. मग ते म्हणाले, "तुम्हाला काय म्हणतात?" मी सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि पुढच्या आठवड्यापासून यायला लागले. माझा एवढा उपयोग झाला.

नळ दुरुस्त झाला. फळ्या खाली आल्या. हातोडीचं असं झालं, की सायकलवाल्याशी बोलून आम्ही दुपारची एक वेळ ठरवली, त्या वेळात तो फक्त पंक्चर काढतो. चहाच्या गोडीचं जमलं नाही, कारण गोडवाल्यांचा गट मोठा निघाला. हे सगळं वाचकांना परत कळवायचं होतं. प्रत्येक कार्डाच्या सुरुवातीला एक छोटा निरोप भरायचा: तुम्ही हे सांगितलंत, आम्ही हे केलं, हे जमलं नाही, कारण असं असं. हा निरोप कुणी वाचायचा यावर बैठकीत मतदान झालं म्हणे. ऑपरेटरताई बाहेर आली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "बाई, तुमची एकमतानं निवड झालीय."

"का?"

"सूचना आहे ना ती."

आणि खरंच सांगते, त्या निरोपात मला सूर सापडला. 'संडासातील नळ दुरुस्त करण्यात आला आहे' हे वाक्य माझ्याइतकं कुणी वाचूच शकत नाही. पाठोपाठ औषधांच्या डब्यातले बारीक अक्षरांचे कागद आले, बँकेचे नियम आले, धुलाई यंत्राची माहितीपुस्तिका आली. ती कुणी अर्ध्यात सोडत नाही. एका आजोबांनी सांगितलं, गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, हे तुमच्या आवाजात ऐकलं की भांडायची इच्छाच राहत नाही.

कादंबरीचा मोह मात्र सुटला नाही. मी ऑपरेटरताईला म्हटलं, मला शिकवा. ती सुटीच्या दिवशी येते, समोर बसते, आणि वाक्यावाक्याला थांबवते. "इथं ती चिडलीय बाई, तुम्ही नाही चिडलात." एक छोटी विनोदी गोष्ट आम्ही तशी पुरी केली. बैठकीतून निरोप आला, 'बरं होतं'. पूर्वी 'छान' ऐकून मी खुर्चीत सावरून बसायचे. या 'बरं'ला मी घरी जाताना दोन गल्ल्या जास्त चालले. वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं म्हणजे बरंच. चढू नकोस."

मध्यंतरी बैठकीत ऑपरेटरताईनं विचारलं, "जे येतात त्यांना आपण विचारलं. जे येतच नाहीत त्यांना कोण विचारणार?" आम्ही जुनी यादी काढली, नाव घालून पुन्हा न आलेल्यांची, आणि तिनं एकेकाला फोन लावले. त्यात एक घड्याळदुरुस्ती करणारे गृहस्थ निघाले. नजर अधू झालेली, चाकाच्या खुर्चीवर बसून फिरतात; नाव घरच्यांनी येऊन घातलेलं. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: तुमचं वाचनालय सगळ्यांसाठी आहे आणि पहिल्या मजल्यावर आहे. इतक्या वर्षांत आम्ही जिन्याला जिना म्हणत होतो, अडथळा कुणीच म्हटलं नव्हतं. जागा बदलणं आमच्या आवाक्यात नाही. म्हणून सध्या सायकलवाल्याच्या दारापाशी एक घंटा बसवलीय, तिचं बटण बसल्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. ही उंची आम्ही आधी विचारून घेतली. घंटा वाजली की कुणीतरी पुस्तकं घेऊन खाली जायचं.

गेल्या आठवड्यात घंटा वाजली तेव्हा मी एकटीच होते. खाली गेले. घड्याळवाले खुर्चीवर बसले होते, मांडीवर पिशवी. मी कार्ड दिलं, नमस्कार केला, आणि मनाची तयारी करून विचारलं, "मागचं पुस्तक कुठं सोडलंत?"

"सोडलं नाही, पूर्ण ऐकलं," ते म्हणाले. मी खूश होणार, एवढ्यात त्यांनी एकेक बोट दुमडत यादी सुरू केली. घंटेचं बटण फार घट्ट आहे. दुकानातल्या सायकली वाटेत असतात. कार्डावरची ब्रेलची पट्टी उलटी चिकटवली आहे. पुस्तक चांगलं होतं, पण त्यात घड्याळाबद्दल जे लिहिलंय ते साफ चूक आहे, आणि ते लेखकाला कळवायची व्यवस्था तुमच्याकडं आहे का? उन्हात उभं राहून मी सगळं ऐकून घेत होते, मान हलवत होते, मधूनमधून 'हो, हो' म्हणत होते.

ते एकदम थांबले. "तुम्ही लिहून घेत नाही का?"

"लक्षात राहतं माझ्या," मी म्हटलं.

"नाही राहणार," ते म्हणाले. "लिहून घ्या. मी थांबतो."

मी पेन आणायला वर गेले.